आतला प्रश्न, बाहेरचा प्रश्न: एसक्यूएलमधल्या नेस्टेड क्वेरींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात, दांडिया बाजाराजवळच्या एका छोट्या मराठी वाचनालयाच्या नोंदवह्या आम्ही काही जणांनी मिळून संगणकावर चढवल्या. त्याच डेटावर मी संध्याकाळी मुलामुलींना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, शिकवते. दर तुकडीत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

टेबलं तीनच लक्षात ठेवा. 'सभासद'मध्ये सभासद_क्र आणि नाव. 'पुस्तके'मध्ये दाखल_क्र, शीर्षक, लेखक आणि किंमत. 'देवघेव'मध्ये दाखल_क्र, सभासद_क्र, नेल्याची_तारीख आणि परत_तारीख. पुस्तक अजून परत आलं नसेल तर परत_तारीख रिकामी, म्हणजे नल.

क्वेरी इथे देवनागरीत दिल्या आहेत, वर्गात आम्ही मोठ्यानं वाचतो तशा. टाइप करताना सिलेक्ट (काय हवं), फ्रॉम (कोणत्या टेबलातून), व्हेअर (कोणत्या अटीवर) हे शब्द अर्थातच रोमन अक्षरांत लिहायचे.

नेस्टेड क्वेरी म्हणजे नेमकं काय?

एका क्वेरीच्या पोटात कंसात बसवलेली दुसरी क्वेरी. तिला सबक्वेरीही म्हणतात. पण व्याख्येपेक्षा मराठी वाक्यच जास्त कामाला येतं. वाचनालयाच्या काकू विचारतात, "ज्यांनी एप्रिलपासून पुस्तक नेलंय, त्यांची नावं दे." या वाक्यात 'ज्यांनी' आणि 'त्यांची' अशी जोडी आहे. 'ज'चा भाग आतली क्वेरी, 'त'चा भाग बाहेरची.

सिलेक्ट स.नाव
फ्रॉम सभासद स
व्हेअर स.सभासद_क्र इन (
    सिलेक्ट दे.सभासद_क्र
    फ्रॉम देवघेव दे
    व्हेअर दे.नेल्याची_तारीख >= '२०२५-०४-०१'
);

यातले 'स' आणि 'दे' ही टेबलांची छोटी टोपणनावं. जो–तो, जे–ते, ज्याचा–त्याचा ही रचना आपण लहानपणापासून बोलतो. म्हणून माझ्या वर्गात कीबोर्डला हात लावण्याआधी प्रश्न जो–तो वापरून मराठीत लिहायचा असा नियम आहे. वाक्य नीट बसलं की कंस कुठे उघडायचा आणि कुठे मिटायचा ते आपोआप दिसतं. वाक्यच बसत नसेल तर अडचण एसक्यूएलची नाही, आपल्याला नक्की काय हवंय ते अजून ठरलेलं नाही.

आधी आतली क्वेरी चालते आणि मग बाहेरची, असंच ना?

समजून घेण्यापुरतं हो. वरच्या क्वेरीत आधी आकड्यांची यादी तयार झाली आणि मग त्या यादीत कोण बसतं ते पाहिलं, असं मनात धरायला हरकत नाही. प्रत्यक्षात डेटाबेसचा ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, ती उलटीपालटी करून त्याला स्वस्त पडेल तशी चालवतो, बऱ्याचदा तिचा जॉइनच (दोन टेबलांच्या ओळी जोडणं) करून टाकतो. उत्तर तेच येतं. आतली क्वेरी बाहेरच्या ओळीवर अवलंबून असेल तेव्हा मात्र हे चित्र बदलतं. ते पुढे येतंच.

'=' कधी लावायचं आणि 'इन' कधी?

आतली क्वेरी काय परत देते ते बघा. शक्यता तीनच आहेत: एकच किंमत (रुपयांतली नव्हे, कोणतंही एक मूल्य), एक अख्खा रकाना, किंवा नुसतं 'आहे–नाही'. एकच किंमत असेल तर =, >, < चालतील. रकाना असेल तर इन. आहे–नाही असेल तर एक्झिस्ट्स.

गडबड होते ती एकच किंमत येईल असं गृहीत धरल्यावर. सभासदाच्या नावावरून क्रमांक शोधणारी क्वेरी = च्या पुढे लावलीत आणि त्या नावाचे दोन सभासद निघाले, तर मायएसक्यूएल (ओरॅकल, एसक्यूलाइट यांच्यासारखंच एक डेटाबेस सॉफ्टवेअर) त्रुटी १२४२ देतं: सबक्वेरीतून एकापेक्षा जास्त ओळी आल्या. ओरॅकलमध्ये हीच तक्रार ०१४२७ या क्रमांकानं येते. एसक्यूलाइट मात्र काहीच बोलत नाही, पहिली ओळ घेतं आणि पुढे चालतं. मला त्रुटी परवडते, ही शांतता परवडत नाही. एसक्यूलाइटवर काम करताना आतल्या क्वेरीत ओळी मोजणारं काउंट(*) घालून खरंच एकच ओळ येते का ते आधी तपासा.

आणि आतून एकही ओळ आली नाही तर? मग ती किंमत नल धरली जाते, नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही आणि उत्तर रिकामं येतं. त्रुटी दिसत नाही.

व्हेअरमध्ये थेट सरासरी का लिहिता येत नाही?

काकूंना सरासरीपेक्षा महाग पुस्तकांची यादी हवी होती, ती बंद कपाटात ठेवायची म्हणून. एका मुलीनं लिहिलं: व्हेअर किंमत > एव्हीजी(किंमत). डेटाबेसनं नाकारलं. कारण साधं आहे. व्हेअर एकेका ओळीपाशी उभं राहून ही ठेवू की नको ते ठरवतं. सरासरी सगळ्या ओळी पाहिल्याशिवाय निघत नाही. दारावर उभा असलेला माणूस आत एकूण किती जण जमणार हे सांगू शकत नाही, तसंच. म्हणून सरासरी वेगळ्या प्रश्नातून काढून आणावी लागते:

सिलेक्ट शीर्षक, किंमत
फ्रॉम पुस्तके
व्हेअर किंमत > (सिलेक्ट एव्हीजी(किंमत) फ्रॉम पुस्तके);

ज्या पुस्तकांची किंमत नोंदलेलीच नाही ती सरासरीत धरली जात नाहीत आणि यादीतही येत नाहीत. देणगीत आलेल्या पुस्तकांना आमच्याकडे किंमत नसते. जुनी, दुर्मिळ पुस्तकं बहुतेक देणगीतलीच, आणि बंद कपाटात जायला हवीत तीच यादीत नव्हती. क्वेरी बरोबर होती, प्रश्न अपुरा होता.

'एकही पुस्तक न नेलेले सभासद' काढले तर शून्य ओळी येतात. असं कसं?

हा प्रश्न दर तुकडीत येतो आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते. लिहिलेलं असतं ते हे:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद
व्हेअर सभासद_क्र नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम देवघेव);

वाचायला निर्दोष. पण आमच्या देवघेवीत काही नोंदींना सभासद क्रमांक नाही. त्यामागे बडोद्याची एक जुनी रीत आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. ते १९१३पर्यंत इथे होते, आणि त्या काळात संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं गेलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. त्याच आठवणीनं आमचं वाचनालय आजही दिवाळी अंकांची एक पेटी वृद्धाश्रमात पाठवतं. ती पेटी कुणा एका सभासदाच्या नावावर नसते, म्हणून सभासद_क्र रिकामा.

आता २७ क्रमांकाचा सभासद घ्या. त्यानं कधीच पुस्तक नेलेलं नाही. आतल्या यादीत १२, ४० आणि नल आहेत असं समजू. नॉट इनचा अर्थ होतो: २७ हा १२पेक्षा वेगळा आहे, आणि ४०पेक्षा वेगळा आहे, आणि नलपेक्षा वेगळा आहे. पहिलं खरं. दुसरं खरं. तिसऱ्याला उत्तरच नाही, कारण नल म्हणजे 'माहीत नाही', आणि माहीत नसलेल्या गोष्टीपेक्षा २७ वेगळा आहे की नाही हेही माहीत नाही. खरं आणि खरं आणि अज्ञात मिळून होतं अज्ञात. व्हेअर फक्त खऱ्यालाच आत घेतं, त्यामुळे २७ बाहेर. उरलेले सगळे याच वाटेनं बाहेर. हजारो नोंदींत एक नल असला तरी अख्खं उत्तर रिकामं होतं.

एसक्यूएलचं तर्कशास्त्र दोन नव्हे, तीन किमतींचं आहे: खरं, खोटं आणि अज्ञात. हे एकदा मनात बसलं की चूक कळते. उपाय दोन आहेत. आत 'व्हेअर सभासद_क्र इज नॉट नल' लिहा. किंवा, मी स्वतः नेहमी करते तसं, नॉट एक्झिस्ट्स वापरा:

सिलेक्ट स.नाव
फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १
    फ्रॉम देवघेव दे
    व्हेअर दे.सभासद_क्र = स.सभासद_क्र
);

"असे सभासद, ज्यांच्या नावावर देवघेवीत एकही नोंद नाही." पेटीची नोंद कुणाशीच जुळत नाही, म्हणून ती आड येत नाही.

एक्झिस्ट्सच्या आत बाहेरच्या टेबलाचं नाव कसं चालतं? आणि 'सिलेक्ट १' म्हणजे काय?

अशा क्वेरीला कोरिलेटेड सबक्वेरी म्हणतात. आतली क्वेरी बाहेरच्या ओळीकडे बोट दाखवते: 'हा जो सभासद आत्ता समोर आहे, त्याची नोंद आहे का?' म्हणून ती एकटी चालवता येत नाही. चालवून पाहायचीच असेल तर स.सभासद_क्रच्या जागी २७ असा खरा आकडा घालून बघा.

'सिलेक्ट १' मधल्या १ला काही अर्थ नाही. एक्झिस्ट्सला फक्त ओळ सापडली की नाही एवढंच हवं असतं. तिथे * लिहा किंवा १, वेगात फरक पडत नाही.

ताई, तुम्ही प्रत्येक रकान्यापुढे टेबलाचं टोपणनाव लिहायला का लावता?

कारण मी ते लिहिलं नव्हतं आणि एका दुपारी सगळी पुस्तकं पुसून बसले होते.

त्या वर्षी वाळवी लागलेली आणि फाटलेली पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे नोंदींतून काढून टाकायची होती. त्यांची यादी 'निर्लेखित' नावाच्या टेबलात होती. मी लिहिलं:

डिलीट फ्रॉम पुस्तके
व्हेअर दाखल_क्र इन (सिलेक्ट दाखल_क्र फ्रॉम निर्लेखित);

'निर्लेखित' टेबलात दाखल_क्र नावाचा रकानाच नव्हता. यादी करणाऱ्यानं त्याला जुना_क्रमांक असं नाव दिलं होतं. मला वाटायचं, अशा वेळी डेटाबेस ओरडेल. तो ओरडत नाही. आतल्या टेबलात नाव सापडलं नाही की तो बाहेरच्या टेबलात शोधतो, कारण कोरिलेटेड क्वेरी त्याच नियमावर उभी आहे. बाहेर 'पुस्तके'मध्ये दाखल_क्र होताच. मग अट झाली: ज्या पुस्तकाचा दाखल क्रमांक त्याच्या स्वतःच्याच दाखल क्रमांकाइतका आहे, ते पूस. 'निर्लेखित'मध्ये एक जरी ओळ असली तरी ही अट प्रत्येक पुस्तकाला लागू होते. पडद्यावर पुसलेल्या ओळींचा आकडा आला तेव्हा माझे हात गार पडले.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता. त्या दिवशीच्या नोंदी काकूंनी कागदी वहीतही लिहिल्या होत्या, त्या मी रात्री बसून पुन्हा भरल्या. तेव्हापासून तीन सवयी सोडलेल्या नाहीत. एक, 'सिलेक्ट नि.दाखल_क्र फ्रॉम निर्लेखित नि' असं टोपणनावासकट लिहायचं. तसं लिहिलं असतं तर असा रकाना नाही म्हणून तिथेच त्रुटी आली असती. दोन, आतली क्वेरी आधी एकटी चालवायची. तीन, डिलीटच्या जागी आधी सिलेक्ट काउंट(*) लिहून आकडा पाहायचा, आणि नंतरही ट्रान्झॅक्शन उघडून मगच पुसायचं, म्हणजे रोलबॅकची, केलेलं मागे घेण्याची, वाट मोकळी राहते.

प्रत्येक सभासदानं शेवटी नेलेलं पुस्तक कसं काढू?

बहुतेक जण आधी हे लिहितात: नेल्याची_तारीख इन (सिलेक्ट मॅक्स(नेल्याची_तारीख) फ्रॉम देवघेव ग्रुप बाय सभासद_क्र). चालतं, पण चुकीचं उत्तर देतं. समजा १२ नंबरची शेवटची तारीख ३ जून आहे. ४० नंबरनं ३ जूनलाही पुस्तक नेलं आणि १४ जूनलाही. यादीत ३ जून आहेच, मग ४०च्या दोन्ही ओळी आत येतात. तारीख कुणाची हे यादी विसरली. ती ओळख जपायला हवी:

सिलेक्ट दे.सभासद_क्र, दे.दाखल_क्र, दे.नेल्याची_तारीख
फ्रॉम देवघेव दे
व्हेअर दे.नेल्याची_तारीख = (
    सिलेक्ट मॅक्स(आ.नेल्याची_तारीख)
    फ्रॉम देवघेव आ
    व्हेअर आ.सभासद_क्र = दे.सभासद_क्र
);

एकच टेबल दोन टोपणनावांनी आलंय, त्याला बिचकू नका. एखाद्यानं शेवटच्या दिवशी दोन पुस्तकं नेली असतील तर दोन्ही येतील, आणि तेच योग्य आहे. एकच हवं असेल तर कोणतं, ते आधी ठरवा. मग विंडो फंक्शनमधलं, ओळींना क्रमांक देणारं रो_नंबर वापरणं सोपं पडतं.

एनी आणि ऑल वापरावेत का?

ओळखीपुरते असू द्या. '> ऑल' म्हणजे यादीतल्या प्रत्येकापेक्षा जास्त, '> एनी' म्हणजे निदान एकापेक्षा. यादी रिकामी असेल तर '> ऑल' प्रत्येक ओळीला खरं ठरतं, पण त्याच जागी मॅक्स वापरलंत तर नल येतो आणि एकही ओळ निवडली जात नाही. एसक्यूलाइटमध्ये हे दोन्ही नाहीत. मी मॅक्स आणि मिन वापरते, वाचणाऱ्याला पटकन कळतं.

जॉइन असताना सबक्वेरी कशाला?

दोन्ही टेबलांतले रकाने उत्तरात हवे असतील तर जॉइन. दुसरं टेबल फक्त चाळणीसाठी हवं असेल तर सबक्वेरी. पहिल्या उदाहरणात नावं 'सभासद'मधून हवी होती, देवघेव केवळ अट म्हणून होती. तिथे जॉइन केला की ज्यानं ११ पुस्तकं नेली त्याचं नाव ११ वेळा येतं. मग लोक सारख्या ओळी एकदाच दाखवणारं डिस्टिंक्ट लावतात, आणि एकाच नावाचे दोन सभासद एक होऊन जातात. आमच्या वाचनालयात अशा नावांच्या जोड्या खरंच आहेत, आणि त्यातल्या एकाला वर्गणीचं स्मरणपत्र गेलंच नव्हतं. डिस्टिंक्ट लिहावंसं वाटलं की थांबा आणि ओळी दुप्पट का झाल्या ते आधी शोधा.

सबक्वेरी हळू चालते असं ऐकलंय.

या बोलण्याला एकेकाळी आधार होता. मायएसक्यूएलच्या ५.६पूर्वीच्या आवृत्त्या इनमधली साधी सबक्वेरीही अनेकदा बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालवत. ५.६पासून ऑप्टिमायझर तिला सेमी-जॉइनमध्ये, म्हणजे फक्त जुळणी आहे का एवढंच पाहणाऱ्या जॉइनमध्ये, बदलू लागला. पोस्टग्रेएसक्यूएल इन आणि एक्झिस्ट्स दोन्ही चांगले हाताळतं. मात्र नॉट इनला ते साधारणपणे नॉट एक्झिस्ट्सइतकं चांगलं वळण देऊ शकत नाही, नलच्या त्याच अडचणीमुळे. बरोबर उत्तर आणि वेग, दोन्ही कारणांनी कौल नॉट एक्झिस्ट्सच्या बाजूनं पडतो.

हळू वाटलं तर अंदाज करू नका. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लिहा आणि डेटाबेस ती कशी चालवणार ते बघा. देवघेव टेबलात सभासद_क्रवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) नसेल तर कोरिलेटेड क्वेरी प्रत्येक सभासदासाठी अख्खं टेबल चाळू शकते. बहुतेक वेळा रोग तिथेच असतो.

किती थर खोल जाता येतं?

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर ३२ थरांपर्यंत परवानगी देतो. तिथवर कुणी जाऊ नये. तिसरा कंस उघडला की मी विथ वापरते. त्यात आतल्या प्रश्नाला नाव देऊन तो वर काढता येतो:

विथ थकलेले ॲज (
    सिलेक्ट दे.सभासद_क्र
    फ्रॉम देवघेव दे
    व्हेअर दे.परत_तारीख इज नल
      अँड दे.नेल्याची_तारीख < '२०२५-०४-०१'
)
सिलेक्ट स.नाव
फ्रॉम सभासद स
व्हेअर स.सभासद_क्र इन (सिलेक्ट थ.सभासद_क्र फ्रॉम थकलेले थ);

विथ १९९९च्या एसक्यूएल मानकात आलं. मायएसक्यूएलला ते २०१८ साली आवृत्ती ८.०मध्ये मिळालं, म्हणून जुन्या सर्व्हरवर चालणार नाही. नेस्टिंगची कल्पना मात्र भाषेइतकीच जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ साली सीक्वेल ही भाषा मांडली, तिचंच पुढे एसक्यूएल झालं. एका क्वेरीत दुसरी बसवणं त्या पहिल्या मांडणीतही होतं.

मायएसक्यूएल म्हणतं, ज्या टेबलातून पुसताय त्याच टेबलातून निवडता येणार नाही.

त्रुटी १०९३. आतली क्वेरी आणखी एका कंसात घालून फ्रॉममध्ये बसवा आणि तिला टोपणनाव द्या. तसंच, इनच्या आतल्या क्वेरीत थेट लिमिट (किती ओळी हव्यात ती मर्यादा) चालत नाही. त्यावरही हाच उपाय.

सराव कशावर करू?

एसक्यूलाइट उतरवून घ्या. फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. डेटा स्वतःच्या घरातला घ्या: पुस्तकं, किराणा, सोसायटीची वर्गणी. ओळखीचा डेटा असला की चुकीचं उत्तर नजरेनंच पकडता येतं.

मग हा प्रश्न सोडवा: ज्या लेखकांची सगळी पुस्तकं सध्या बाहेर गेली आहेत, ते लेखक कोण? 'सगळी' या शब्दासाठी एसक्यूएलमध्ये सरळ खूण नाही. वाक्य उलटं करून लिहा: "असे लेखक, ज्यांचं असं एकही पुस्तक नाही, जे आत्ता कुणाच्याच नावावर बाहेर नाही." दोन 'नाही', दोन नॉट एक्झिस्ट्स, एकात एक. कागदावर किमान अर्धा तास द्या, मग यंत्रावर या.